पोराला चर्चला नेण्याआधी दादाला फोन करा

हे पत्र लातूरहून आलंय. मोठं आहे, म्हणून थोडं कमी करून देते. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकलाय.

"ताई, मी लातूरला एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. माहेर निलंगा तालुक्यात. सहा वर्षांपूर्वी नवरा अपघातात गेला. मूलबाळ नाही. त्या दिवसांत सोबतच्या एका सिस्टरने मला चर्चला नेलं. तिथल्या बायकांनी मला माणसात आणलं. पुढे मी बाप्तिस्मा घेतला. खोटं कशाला बोलू, मी आज उभी आहे ती प्रभूमुळे.

माहेरच्यांनाही हे मिळावं असं फार वाटतं, पण जमत नाही. गेल्या नवरात्रात आईची शुगर वाढली. मी म्हणाले, 'देवीचे उपवास सोड, येशूला धर, बरी होशील.' आई गप्प झाली. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, 'माय, तू सुखी हायस न्हवं, बास झालं मला.' मी घरात ठेवलेल्या येशूच्या प्रचारपत्रिका दादानं चुलीत घातल्या. म्हणाला, 'तुझं तुला लखलाभ. आमच्या घरात ही भानगड नको.'

दादाचा मुलगा अकरावीला आहे. नीटच्या क्लाससाठी माझ्याकडेच राहतो. मी सकाळी प्रार्थना करते ते तो बघतो, प्रश्न विचारतो. आता म्हणतोय, 'आत्या, नाताळला मीबी येतो चर्चला. पप्पाला नको सांगू.' दादाला आधीच भीती आहे. म्हणतो, 'पोराचं जातीचं सर्टिफिकेट गेलं तर मेडिकलची फी तुझा येशू भरणार हाय का?'

आमचे पाळक सांगतात, घरच्यांना सांगितलं नाहीस तर त्यांच्या रक्ताचा जाब तुला द्यावा लागेल. मला झोप लागत नाही. त्यात आईनं येळवशीला (वेळ अमावास्येला, शेतातल्या पूजेला आणि जेवणाला) बोलावलंय. जाऊ का? आणि गप्प बसणं पाप आहे का?"

ताई,

पापाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, मीही तो नंतरच घेणार आहे. आधी भाच्याचं बघू, कारण नाताळ तोंडावर आलाय.

'पप्पाला नको सांगू' या अटीवर त्याला चर्चला नेऊ नका. एकदासुद्धा नाही. पोरगं अजून अठराचं नाही आणि त्याच्या बापानं ते तुमच्या विश्वासावर तुमच्या घरी ठेवलंय. तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या लक्षात आलेली दिसत नाही. दादानं पत्रिका जाळल्या, भानगड नको म्हणाला, आणि तरीही मुलगा तुमच्याकडेच राहू दिला. लातुरात क्लासच्या पोरांसाठी खोल्यांना, होस्टेलांना तोटा नाही. त्याला पोरगं हलवायचं असतं तर आठ दिवसांत हलवलं असतं. बहिणीचा देव त्याला नको असेल, पण बहिणीवर त्याचा भरवसा आहे. हा भरवसा गेला तर येशूबद्दल बोलायला त्या घरात तुम्हाला दारसुद्धा उरणार नाही.

म्हणून आधी भाच्याला समोर बसवून सांगा, 'मी तुझ्या पप्पाला विचारणार आहे, चोरून नेणार नाही.' त्याच्या माघारी फोन करू नका, त्याचाही मान आहे. मग दादाला फोन लावा आणि सरळ बोला. 'दादा, पोरगा नाताळला माझ्याबरोबर चर्चला यायचं म्हणतोय. तू हो म्हणालास तर नेते, नाही म्हणालास तर नेत नाही. तुझ्या माघारी मी काही करणार नाही.' एवढंच. त्याला समजावत बसू नका, वचनं ऐकवू नका. तो नाही म्हणाला तर भाचा रुसेल. रुसू द्या. घरात तो जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं मात्र खरी द्या, विचारेल तेवढ्यापुरती. प्रार्थना करताना दार लावून घ्यायचीही गरज नाही. घर तुमचं आहे.

आपल्या भागात हा पेच जुनाच आहे. जालन्याजवळची बेथेल वसाहत ज्यांनी उभी केली ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं नाव तुमच्या मंडळीत कधी ना कधी निघालं असेल. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मणाघरचा शिकलेला तरुण, त्यामुळे गहजब झालाच. पण खरं वादळ उठलं ते धाकट्या भावावरून. श्रीपत तेव्हा अजाण वयाचा, थोरल्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेलेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं पोरगा त्यांच्या ताब्यात दिला. पुढे त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यायचं की नाही यावरून सगळी मुंबई पेटली. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. या गोष्टीत मिशनरी, शास्त्री, न्यायाधीश सगळे आपापल्या परीनं बरोबर असतील. मला मात्र दोन्हीकडून ओढलं जाणारं ते पोर दिसतं. तुमच्या भाच्याच्या नीटच्या परीक्षेआधी त्याच्यावर यातलं काही येऊ नये, एवढं तुमच्या हातात आहे.

आता सर्टिफिकेट. दादाची ही भीती थट्टेवारी नेऊ नका, तिच्यामागे कायदा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. म्हणजे त्या जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की तो दर्जा जातो. हे न्याय्य आहे का यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि माझं मत विचाराल तर अजिबात नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं कुणाला वेशीच्या आत घर दिलेलं मी पाहिलेलं नाही. पण माझ्या मतावर भाच्याची ॲडमिशन होत नाही.

दादाला दोन गोष्टी नीट समजावून सांगा. आत्यानं धर्म बदलला म्हणून भाच्याचा दाखला जात नाही. ज्याचा धर्म त्याचा दर्जा. आणि एक दिवस चर्चमध्ये जाऊन बसल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही. तरीही त्याचे चर्चमधले फोटो तुमच्या स्टेटसला ठेवू नका. जात पडताळणीच्या काळात गावात कोण कुठला फोटो कुणाला दाखवील याचा नेम नसतो, आणि खुलासे देत फिरावं लागेल ते दादाला. तुमच्या बाबतीत सांगायचं तर तुम्ही बाप्तिस्मा घेतलाय, तेव्हा स्वतःसाठी तो जुना दाखला यापुढे कुठेही वापरू नका. काही अर्ज अडकला असेल तर वकिलाकडे बसून एकदा निकाली लावा. दादाला तुमच्या तोंडून हे कळलं की, बहिणीनं स्वतःच्या सवलतीवर पाणी सोडलंय, पैसे घेऊन ती बाटलेली नाही, तर गावातल्या निम्म्या कुजबुजीला उत्तर मिळेल. तुम्ही हे त्याला कधी सांगितलंय का? पत्रात तरी दिसलं नाही.

आता आईचं. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

शुगरच्या माणसानं नऊ दिवस कडक उपवास करू नये, हे नर्स म्हणून सांगणं तुमचं कामच आहे. गोळ्या चालू आणि पोटात अन्न नाही, मग शुगर एकदम खाली जाते, चक्कर येते. उपवासाच्या नावानं साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर तीच वर उसळते. हे तुम्ही रोज वॉर्डात बघता. पण तुम्ही एका दमात 'उपवास सोड' आणि 'देवी सोड' अशा दोन गोष्टी बोललात, आणि वर 'बरी होशील' असं वचनही देऊन टाकलंत. आता आईला कळेना की यातलं लेकीनं काय सांगितलं, नर्सनं काय सांगितलं आणि चर्चनं काय सांगितलं. पुढच्या नवरात्रात तुम्ही खरंच तिच्या जिवासाठी 'उपवास करू नको' म्हणालात, तरी तिच्या कानावर 'देवी सोड' हेच पडणार. बोलून चालून तुळजापूरची देवी. त्या मुलखातल्या बाईनं लेकरांच्या दुखण्यात, दुष्काळात, बाळंतपणात तिलाच हाक मारलेली असते.

तेव्हा हे दोन धागे सोडवा. आईकडे जाल तेव्हा नर्सनं बोलायचं ते नर्स म्हणून बोला. 'आई, उपवास करायचाच तर डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेऊ, मी करून देते.' येशूचं नाव त्यात आणू नका. आणि दुखण्यात पडलेल्या माणसाला 'अमुक देवाला धर, बरी होशील' हे कुणालाच, कधीच म्हणू नका. तुमच्या चर्चमध्येही विश्वास असून शुगर असलेल्या मावश्या असतीलच. त्यांच्या गोळ्या कुठे सुटल्यात?

आईसाठी प्रार्थना करायला कुणाची हरकत नाही. तिला विचारून तिच्या उशाशी बसूनही करता येईल. नको म्हणाली तर लातुरात करा.

पाळकांनी सांगितलेलं वचन यहेज्केलच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, पहारेकऱ्याचं. त्यांचा मान राखून सांगते, ते वचन बाबेलात बंदिवासात पडलेल्या इस्राएल घराण्यासाठी नेमलेल्या एका संदेष्ट्याला दिलेलं आहे. रात्रपाळी करून आलेल्या विधवा बाईच्या डोक्यावर ते जसंच्या तसं ठेवणं मला पटत नाही. आणि ते लावायचंच म्हटलं तरी पहारेकऱ्याचं काम हाक देण्याचं आहे. ती तुम्ही दिलीत. आईला दिलीत, दादाला दिलीत, वर पत्रिकाही दिल्यात! त्या पत्रिका दादाला का झोंबल्या असतील याचाही विचार करा. पुष्कळ पत्रिकांवर लालभडक ज्वाळा, खाली 'तू कुठे जाणार?' असा प्रश्न, आणि आत इंग्रजीतून ओढून आणलेलं मराठी असतं. आपल्या घरात कुणी असा कागद ठेवला तर आपणही चहा देऊन बोळवणच करू.

म्हणजे गप्प बसणं पाप आहे का, याचं माझं उत्तर असं: एकदा स्वच्छ सांगून झाल्यावर गप्प बसणं हे पाप नाही. फक्त तुमचं स्वच्छ सांगून झालेलं नाही. तुम्ही आईला तिनं काय सोडावं ते सांगितलंत. तुम्हाला काय मिळालं ते सांगितलंच नाहीत.

मार्काच्या पाचव्या अध्यायात कबरस्तानात राहणारा, साखळदंड तोडणारा तो माणूस आहे बघा. बरा झाल्यावर तो येशूला म्हणतो, मलाही तुझ्याबरोबर ने. येशू त्याला नेत नाही. घरी जा म्हणतो, आणि प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते आपल्या लोकांना सांग म्हणतो. त्यांचे देव खोटे आहेत असं सांग, असं काही म्हणत नाही. अंद्रियानंही आधी स्वतःचा भाऊ शिमोन याला गाठलं, एका वाक्यात बातमी दिली आणि येशूकडे नेलं. पुढचं शिमोन आणि येशू यांच्यावर सोडलं.

तुमच्या पत्रात 'तिथल्या बायकांनी मला माणसात आणलं' असं एक वाक्य आहे. सगळ्या पत्रात मला हे फार मोलाचं वाटलं. हे दादाला माहीत आहे का? नवरा गेल्यावर तुम्ही जेवत होता की नाही, ड्यूटीवर कशा जात होता, कोण रात्री सोबतीला झोपायला येत होतं, कुणी तुमचं डोकं धुऊन दिलं, हे त्यानं कधी ऐकलंय? मला वाटतं, नाही. बारावं-तेरावं झाल्यावर माहेरची माणसं गावी गेली असतील. पिकं होती, ढोरं होती, त्यांचाही इलाज नव्हता. बहीण मधल्या काळात कशातून गेली हे त्यांना कळलंच नाही, आणि एक दिवस एकदम बाप्तिस्म्याची बातमी आली. भावाला राग धर्माचा थोडा आणि 'आपल्याला विचारलंही नाही' याचा जास्त असतो. तेव्हा कधीतरी त्याला ते दिवस सांगा. सांगताना 'तुम्ही कुणी नव्हता' असा सूर येऊ देऊ नका, आणि शेवटी 'म्हणून तूही ये' असं जोडू नका. तो उठून गेला तर जाऊ द्या. ऐकलेलं असतं.

मग वाट बघा. किती ते मी सांगू शकत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं कशी गेली ते बाईंनी स्मृतिचित्रांत लिहून ठेवलंय. आधी ताटातूट, मग नगरला एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं वेगळं. त्यांच्या मनातली आधी जात गळाली, देवाचं पुढे, आणि तेही त्यांचं त्यांना उमगत गेलं. हे नवराबायकोचं. प्रभूच्या घरातही वेगळं नव्हतं. त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहान सातव्या अध्यायात सरळ लिहितो. एका छताखाली वाढलेले भाऊ! त्यातला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला ही गोष्ट वेगळी, पण ती पुनरुत्थानानंतरची. आणि खरं सांगायचं तर तुमचा दादा कधीच येणार नाही, असंही होऊ शकतं. तेव्हाही तो तुमचा दादाच असणार आहे. त्याला भाऊबीजेला ओवाळायला तुम्ही जाता की नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. जात नसाल तर पुढच्या दिवाळीपासून जा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण हल्ली गावात कोण कधी व्हिडिओ काढून पोलिसांत जाईल सांगता येत नाही. संविधानाच्या २५ व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिलाय. त्याच कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की, प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. आपलं सांगायचा हक्क तुम्हाला आहे; ऐकणाऱ्याला मनाप्रमाणे वागण्याचा आहे. पैसा, औषध, नोकरी, ॲडमिशन यांतलं काहीही विश्वासाच्या बोलण्याला चिकटू देऊ नका. वॉर्डात ड्यूटीवर असताना पेशंटजवळ हा विषय काढूच नका. तिथं तो बेडवर आहे आणि सुई तुमच्या हातात आहे.

राहिली येळवस. जा.

काही मंडळ्यांत हे चालत नाही, मला ठाऊक आहे. शेतात कडब्याची कोप घालून पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, म्हणून जाऊ नये म्हणतात. मला पौलाचं ऐकावंसं वाटतं. करिंथकरांना त्यानं लिहिलं की, कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते विचारपूस न करता खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नका, असंही तो म्हणतो. तेव्हा पूजेला हात जोडायचे नसतील तर जोडू नका आणि त्याचा गाजावाजाही करू नका. आईला आदल्या दिवशीच हळूच सांगून ठेवा, 'मी पूजेला बसणार नाही, नैवेद्याचं तेवढं मला वाढू नको, बाकी सगळं करते.' आयांना असं आधी सांगितलेलं चालतं; ऐनवेळी चार माणसांत लेक बाजूला सरकली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुक्कामालाच जा. रात्री भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलायला बसा, वाटाणे-हरभरे निवडा, पहाटे वहिनीबरोबर भाकरी थापा, उंडे वळा. आंबिलाचं मडकं शेतात न्यायचं असेल तर तुम्ही उचला. येळवशीला बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. तिथं आलेली प्रत्येक बाई तुम्हाला विचारणार, 'चर्चला जातीस म्हणं?' हो म्हणा. 'काहून?' असं पुढे कुणी विचारलं तर तुमचं खरं कारण दोन वाक्यांत सांगा आणि तिच्या पानात भज्जी वाढा. कुणी नाहीच विचारलं तर आपण होऊन काढू नका. दादाशी बोलायचं ते सगळे पांगल्यावर, ज्वारीच्या कडेनं हिंडताना जमलं तर बघा, नाहीतर पुढच्या खेपेला.

पिशवीत पत्रिका नकोत. शुगरचं मशीन घ्या आणि त्याच्या पट्ट्याही बघून घ्या. येळवशीच्या जेवणानंतर आईची शुगर तपासावीच लागेल.